तिसऱ्या स्टेजला अडलात, तर पहिलीपासून खेळणं थांबवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. वय ४१. तीन महिने रोज रात्री तासभर 'दोदोनपाची' हा विमान चालवत, गोळ्या चुकवत शत्रू मारायचा जपानी व्हिडिओ गेम खेळताय. मेल्यावर कंटिन्यू दाबून तिथूनच पुढे जात पहिल्याच आठवड्यात शेवट पाहून झाला, पण एकाच क्रेडिटवर, म्हणजे एकदाही कंटिन्यू न दाबता, खेळायचं ठरवलंत की तिसऱ्या स्टेजला खेळ संपतो. मित्र म्हणतो, हे विशीतल्या पोरांचं काम, चाळिशीत हात तेवढा चालत नाही. सराव करायला बसलात की गृहपाठ करतोय असं वाटतं, मजा येत नाही. मग सराव कसा करायचा, की हा प्रकार सोडूनच द्यायचा?

सोडू नका. मी वीसेक वर्षं हे खेळ खेळतोय आणि नव्याने येणाऱ्यांना शिकवतोयही. तुम्ही जिथे अडलात तिथे जवळजवळ प्रत्येक जण अडतो, आणि त्याचं कारण वय हे क्वचितच असतं.

वयाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो मनात राहिला तर पुढचं काहीच पटणार नाही. डोळ्यांना काही दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. हे खेळ सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतात, म्हणजे त्या पाव सेकंदात १५ चित्रं निघून जातात. विशीतल्या आणि चाळिशीतल्या माणसात जो फरक पडतो तो एखाद-दोन चित्रांचा. पण 'दोदोनपाची'सारख्या खेळात गोळ्या भरमसाट असल्या तरी त्यातल्या बऱ्याचशा हळू येतात आणि विमानाचा ज्या ठिपक्याला लागलं की आपण मरतो तो हिटबॉक्स विमानाच्या चित्रापेक्षा खूपच लहान असतो. जो खेळाडू पडदा भरून गोळ्या असतानाही शांतपणे सरकताना दिसतो, तो गोळी दिसल्यावर पळत नसतो. ती कुठून येणार हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून तो अगोदरच योग्य जागी उभा असतो.

हे आजकालचं नाही. १९७८ साली ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' केला, तेव्हापासून असंच आहे. त्यात वरून अधूनमधून जी तबकडी जाते तिचे गुण कमी-जास्त मिळतात. खेळाडूंनी शोधून काढलं की ते आपण किती गोळ्या झाडल्या यावर ठरतात. २३वी गोळी तबकडीला लागली तर ३०० गुण, आणि त्यानंतर दर १५वी. म्हणजे त्या काळी सगळ्यात जास्त स्कोअर करणारा माणूस सगळ्यात चपळ नव्हता, तो मनातल्या मनात मोजत होता. त्याच खेळात शत्रू अगदी शेवटच्या ओळीपर्यंत खाली येऊ दिले तर त्यांच्या गोळ्या आपल्याला लागतच नाहीत, हेही कोणीतरी शोधून काढलं आणि त्याला नागोया या जपानी शहराचं नाव चिकटलं. मला हा खेळप्रकार मनापासून आवडतो तो यासाठीच: दिसायला सगळा हातांचा खेळ, आणि आत शिरलं की निरीक्षणाचा.

आता तुमची खरी अडचण. तुम्ही लिहिलंय की रोज 'सराव' म्हणून पहिल्या स्टेजपासून सुरू करता. जरा हिशेब करू. तिसऱ्या स्टेजच्या त्या अवघड जागी पोचायला तुम्हाला सात-आठ मिनिटं लागत असतील. तिथे तुम्ही वीस सेकंदांत संपता. तासाभरात असे सात डाव होतात. म्हणजे साठ मिनिटांत जे येत नाही त्याचा सराव झाला जेमतेम अडीच मिनिटं, आणि उरलेला वेळ जे येतं तेच केलंत. तीन महिने रोज इतकं खेळूनही गाडी तिथेच का अडते, ते या हिशेबात दिसतं. शिवाय रोज त्या जागी पोचेपर्यंत डोळे थकलेले असतात आणि 'आता इथे मरणार' ही भीती मनात बसलेली असते.

म्हणून पहिला बदल: अडलेल्या जागेपासूनच सुरू करा. कसं, ते तुम्ही खेळ कशावर खेळता यावर अवलंबून आहे. हल्लीच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये सरावासाठी स्टेज निवडता येते, काहींमध्ये सेव्ह स्टेट असते, म्हणजे हवं त्या क्षणी खेळ गोठवून ठेवायचा आणि पुन्हा पुन्हा तिथूनच सुरू करायचा. जुन्या खेळांच्या जपानी एम-टू कंपनीने केलेल्या आवृत्त्यांमध्ये तर ही सोय फार विचारपूर्वक दिलेली असते. 'तोहो' मालिकेतल्या अनेक खेळांत बॉसचा, म्हणजे स्टेजच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूचा, एकेक हल्ला सुटा काढून त्याचा सराव करता येतो. वीस सेकंदांची जागा आणि मागे जायला दोन सेकंद, असं धरलं तर तासाभरात दीडशेच्या वर प्रयत्न होतात. तीन आठवड्यांचं काम एका बैठकीत.

पण नुसते दीडशे प्रयत्न करून भागत नाही. इथेच गृहपाठ सुरू होतो, कारण माणूस डोकं बंद करून तेच तेच करत राहतो. दर वेळी मेल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: कोणत्या प्रकारच्या गोळीने मारलं?

गोळ्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. काही तुमच्यावर नेम धरून सुटतात. काही ठरलेल्या दिशांनी जातात, तुम्ही कुठेही असा. आणि काही वाटेल तशा, बिननेमाच्या. प्रत्येकीला वेगळं उत्तर लागतं. ठरलेल्या दिशेच्या गोळ्यांमधली फट दर वेळी तिथेच असते, ती शोधायची आणि आधीच जाऊन उभं राहायचं. बिननेमाच्या गोळ्या मात्र बघूनच चुकवाव्या लागतात, तिथे पाठांतराचा उपयोग नाही. पण नवीन खेळाडूंना सगळ्यात जास्त मारतात त्या नेम धरलेल्या गोळ्या, आणि गंमत म्हणजे चुकवायला सगळ्यात सोप्या त्याच असतात.

कसं ते एकदा सावकाश बघू. समजा वर मधोमध एक रणगाडा आहे आणि तो तुमच्यावर एकामागून एक गोळ्या सोडतोय. नवीन माणूस काय करतो? पहिली गोळी दिसली की दचकून उजवीकडे लांब जातो. दुसरी गोळी तिथे नेम धरून येते, तो पुन्हा डावीकडे येतो. चार-पाच वेळा असं झालं की सगळ्या पडद्यावर गोळ्या पसरतात आणि त्या त्याने स्वतःच पसरवलेल्या असतात. त्याऐवजी डाव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा. गोळी सुटली की जॉयस्टिकला उजवीकडे हलकासा टिचका, विमानाची अर्धी रुंदीही सरकलं नाही पाहिजे. पुढची गोळी, पुढचा टिचका. सगळ्या गोळ्या तुमच्या डाव्या खांद्याला घासून एका ओळीत खाली जातात आणि उजवीकडचा सगळा पडदा रिकामा राहतो. उजव्या कडेला पोचायच्या थोडं आधी टिचक्याऐवजी एकदम झपकन उजवीकडे लांब जा. गोळ्यांच्या ओळीत तेवढी फट पडते, तिच्यातून परत या आणि आता उलट दिशेने तेच सुरू करा.

हे जमलं की खेळाकडे बघण्याची तऱ्हाच बदलते. गोळ्या कुठे जाव्यात हे तुम्ही ठरवताय असं पहिल्यांदा जाणवतं. मला ते जाणवलं ती संध्याकाळ अजून आठवते. ज्या जागेला मी महिनाभर 'नशिबाची जागा' म्हणत होतो, तिथून मी काहीही न करता, फक्त हळू सरकून पार झालो. महिनाभर मीच माझ्या पळापळीने त्या गोळ्या पडदाभर पसरवत होतो.

हाताइतकंच महत्त्वाचं म्हणजे नजर कुठे आहे. बहुतेक नवशिके एक तर बॉसकडे बघतात, नाहीतर स्वतःच्या विमानाकडे टक लावतात. विमानाच्या थोडं वर, तुमची पुढची वाट असेल तिथे नजर ठेवा. विमान डोळ्याच्या कडेला दिसत राहतंच. बॉसवर गोळ्या लागताहेत की नाही हे आवाजावरूनही कळतं. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, आठवडाभरात अंगवळणी पडतं.

बॉम्बबद्दल, म्हणजे अडचणीत पडद्यावरच्या गोळ्या साफ करणाऱ्या त्या मोजक्या शस्त्राबद्दल, तुम्ही एक वाक्य लिहिलंय, 'बॉम्ब वापरणं फसवणूक वाटतं.' हे मनातून पूर्णपणे काढून टाका. असे कितीतरी खेळ आहेत जिथे मेल्यावर उरलेले बॉम्ब विमानाबरोबर जातात आणि नव्या विमानाला नवे मिळतात. म्हणजे तीन बॉम्ब शिल्लक असताना मरणं हे तीन चुकांची माफी फेकून देणं आहे. समजा तुमच्याकडे तीन विमानं आणि प्रत्येकाला तीन बॉम्ब. नऊ बॉम्ब आणि दोन मरणं, मिळून अकरा चुका माफ आहेत. बाराव्या चुकीला खेळ संपतो. तुम्ही बॉम्ब वापरत नसाल तर तिसऱ्याच चुकीला संपतो. मी शिकवताना नियम करतो: कोणत्या जागी बॉम्ब टाकायचा हे खेळ सुरू करण्याआधीच ठरवायचं. 'संकटात टाकू' असं ठरवलं तर संकट कळेपर्यंत गोळी लागलेली असते. दोन-तीन अवघड जागा निवडा, तिथे बॉम्ब टाकायचाच, गरज असो वा नसो. नंतर ती जागा जमायला लागली की तो बॉम्ब पुढच्या जागेसाठी वाचवा.

'दोदोनपाची'पुरतं आणखी एक. बटण दाबून धरलं की लेझर सुटतो आणि विमान हळू होतं. बरेच जण लेझर फक्त मोठ्या शत्रूला मारायला वापरतात. तो दाट गोळ्यांमध्ये विमान हळू करण्यासाठीही आहे. मोकळ्या जागेत साधी गोळी, दाटीत लेझर, असं हात आपोआप करायला लागेपर्यंत पहिल्याच स्टेजमध्ये त्याची सवय करा.

इथे थांबून सांगायला हवं, की हे सगळे सल्ले प्रत्येक खेळाला जसेच्या तसे लागू नाहीत. साइक्यो कंपनीचा 'स्ट्रायकर्स १९४५' घ्या. गोळ्या कमी पण वेगाने येतात, तिथे बघून चुकवायला वेळ नाही, कुठला शत्रू कधी येतो हे पाठच हवं. 'ग्रेडियस' (१९८५) आणि 'आर-टाइप' (१९८७) यांत मेलात की मागच्या ठरलेल्या जागी, कमावलेली शस्त्रं गमावून सुरुवात करावी लागते. म्हणून तिथे सराव करायचा तो रिकाम्या हाताने त्या जागेतून सावरण्याचा. आणि १९९६चा 'बॅटल गरेगा' तर या सगळ्यावर ताण आहे: तुम्ही जितकं झाडाल, जितक्या शक्ती गोळा कराल, तितका खेळ आतून कठीण होत जातो, म्हणून जाणते खेळाडू ठरवून एखादं विमान घालवतात. त्यामुळे कोणी सल्ला दिला की आधी विचारा, कोणत्या खेळासाठी?

आता मजेचं, कारण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. तुम्ही 'एका क्रेडिटवर शेवट' हे एकच ध्येय धरलंय. ते सुंदर ध्येय आहे, पण त्यात शंभर दिवस हार आणि एक दिवस जीत असते. रोज रात्री हरायला बसणं कोणालाही गृहपाठच वाटेल. म्हणून सराव आणि खेळ वेगळे ठेवा. मी स्वतः वीस मिनिटं अडलेली जागा घोटतो, मग ती बंद करून एकच पूर्ण डाव खेळतो, आणि त्या डावात मेलो तरी पुन्हा सुरू करत नाही. एकच डाव आहे म्हटल्यावर त्याला वजन येतं. त्यानंतर वेळ उरला तर पूर्ण वेगळं काहीतरी खेळतो.

वेगळं म्हणजे काय, याला भरपूर वाटा आहेत. जपानमध्ये हडसन कंपनीने १९८५ साली 'स्टार फोर्स' घेऊन गावोगाव स्पर्धा सुरू केल्या, त्यातून ठरावीक मिनिटांत जास्तीत जास्त स्कोअर करायचा हा प्रकार रुजला. पुढे त्यांच्या 'सुपर स्टार सोल्जर'मध्ये दोन मिनिटांचा आणि पाच मिनिटांचा असे खास डाव दिले. दिवसभर दमल्यावर दोन मिनिटांचा डाव हा माझ्यासाठी सगळ्यात चांगला विसावा आहे. हरण्याचा प्रश्नच नाही, फक्त कालच्यापेक्षा आज किती जास्त, एवढंच. 'गॅलागा' (१९८१) मधल्या बोनस स्टेजही अशाच: ४० शत्रू, एकही गोळी तुमच्यावर येत नाही, सगळे टिपले तर १०,००० गुण. नेमाचा इतका निखळ सराव दुसरीकडे मिळत नाही. आणि त्याच खेळात स्वतःचं विमान शत्रूला मुद्दाम पकडू देऊन, मग ते सोडवून दोन विमानं जोडीने चालवायची. हा धोका पत्करताना आजही माझे हात घामेजतात.

स्कोअरसाठी खेळणं बरेच जण 'आधी शेवट तर होऊ दे' म्हणून पुढे ढकलतात. मीही बरीच वर्षं तसंच केलं आणि आता मला ते चुकीचं वाटतं. 'इकारुगा' (२००१) मध्ये विमान काळं-पांढरं करता येतं. ज्या रंगाचे आपण आहोत त्या रंगाच्या गोळ्या अंगात मुरतात, आणि एकाच रंगाचे तीन-तीन शत्रू ओळीने मारले की साखळी वाढत जाते. नुसतं जगायचं म्हणून खेळलात तर तो खेळ रखरखीत वाटतो. पहिल्याच स्टेजची साखळी जुळवायला घेतलीत तर शत्रूंची प्रत्येक ओळ का तशी येते हे दिसायला लागतं, आणि ते पाठ करायला कष्ट पडत नाहीत, कारण पाठ करण्याला कारण मिळालेलं असतं. 'दोदोनपाची'तही शत्रू एकापाठोपाठ एक मारून साखळी टिकवता येते. तुम्हाला पहिली स्टेज आता कंटाळवाणी वाटते म्हणता ना, तिची साखळी एकदा अखंड ठेवून बघा. पुढचे काही आठवडे तीच स्टेज नवी वाटेल.

कंटिन्यू दाबत शेवटपर्यंत जाण्याला काही लोक नाक मुरडतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, नव्या खेळात मीही आधी तसंच फिरून येतो. पुढे काय काय आहे, कोणता बॉस कसा दिसतो, संगीत कसं आहे हे पाहून घेतो. फक्त ती सहल आहे हे ध्यानात असू द्या, कारण कंटिन्यू हाताशी असेल तर कोणती गोळी लागली हे बघायची सवय लागत नाही. तसंच सोपी पातळी निवडण्यातही कमीपणा नाही. 'मुशिहिमेसामा'सारख्या खेळात पातळी बदलली की गोळ्यांची घनता आणि खेळण्याची पद्धतच बदलते, तो जवळपास वेगळा खेळ होतो.

जाणत्या खेळाडूंचे रिप्ले बघा, पण एका वेळी तीसच सेकंद. आधी स्वतः त्या जागी दहा-बारा वेळा मरा, मग बघा. तेव्हा डोळ्यांना नेमकं काय शोधायचं ते कळलेलं असतं: तो त्या रणगाड्याच्या खाली कधी पोचला, कोणत्या बाजूने वळला. आधीच बघितलं तर नुसतं कौतुक वाटतं आणि हाती काही लागत नाही. जे दिसलं ते वहीत दोन शब्दांत लिहा. माझ्या वहीत 'डावीकडचे दोन आधी, मग मधे' असल्या नोंदी आहेत, दुसऱ्या कोणाला त्यांचा अर्थ लागणार नाही, मला लगेच लागतो.

साहित्याबद्दल फार विचारू नका, जॉयस्टिक की पॅड हा आवडीचा प्रश्न आहे. मात्र टीव्हीवर खेळत असाल तर त्यातला गेम मोड चालू करा. बटण दाबणं आणि पडद्यावर दिसणं यात टीव्ही वेळ घालवत असेल तर टिचका मारून सरकणं कधीच जमणार नाही आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसाल. उभ्या पडद्याचा खेळ आहे, तेव्हा मॉनिटर फिरवून उभा ठेवता येत असेल तर ठेवा, गोळ्या मोठ्या दिसतात आणि फटी डोळ्यांत भरतात. आणि बटण सारखं बडवावं लागणारे जुने खेळ खेळताना आपोआप गोळीबाराची सोय वापरा. हडसनचे ताकाहाशी मेइजिन सेकंदाला १६ वेळा बटण दाबण्यासाठी प्रसिद्ध झाले, त्या नादात मी मनगट दुखावून घेतलं होतं आणि दोन महिने काहीच खेळता आलं नव्हतं.

तर या आठवड्यापुरतं असं करा. आज रात्री पूर्ण डाव खेळू नका. तिसरी स्टेज उघडा, जिथे मरता तिथे दहा वेळा मरा आणि दर वेळी कोणत्या प्रकारची गोळी होती ते लिहा. माझा अंदाज आहे की दहातल्या निम्म्याहून जास्त नेम धरलेल्या निघतील. तसं असेल तर पुढचे चार दिवस वीस मिनिटं फक्त कोपऱ्यातून टिचके मारत सरकणं. तसं नसेल, आणि ठरलेल्या दिशेच्या गोळ्या जास्त असतील, तर त्या दहा नोंदी इथेच लिहा, स्टेजमधली नेमकी जागाही सांगा. मी माझ्याकडे तीच जागा उघडून बघतो आणि कुठे उभं राहायचं ते सांगतो.